पोकलेनचे सांधे

२०२३ सालच्या मार्गशीर्षांत आमच्या थोरल्या भगिनीकडे चिपळुणास आठ-दहा दिवस राहण्याचा योग आला. हेतु हवापालटाचा होता. परंतु पोंचलों त्याच्या दुसऱ्याच दिवशीं सकाळीं आम्ही वाशिष्ठीच्या कांठीं चिखलानें माखलेल्या एका अजस्र यंत्रासमोर उभे होतों, आणि मुक्कामाचे बाकीचे दिवसहि बहुतेक त्याच्याच सहवासांत गेले. यंत्र आमच्या भाच्याचें. तें आजारी होतें, आणि त्याच्या आजारानें घरांतल्या सर्वांचीच झोंप उडाली होती.

ह्या मासिकाच्या पानांत पिना आणि बुश ह्यांस काय स्थान, असा प्रश्न वाचकांस, व विशेषतः वाचकभगिनींस, पडेल. आमचें उत्तर इतकेंच कीं, पांढरपेशा घरांतले कांहीं मुलगे नोकरीचा नाद सोडून अशा यंत्रांत पैसा घालूं लागले आहेत. यंत्र जुनें असतें, कर्ज नवें असतें, आणि गहाण पडतें तें घर किंवा घरांतलें सोनें. तेव्हां यंत्राचें काय झिजतें, किती झिजलें म्हणजे बदलावें आणि न बदलल्यास पुढें काय ओढवतें, हें घरांतल्या चार माणसांस ठाऊक असलेलें बरें.

प्रथम नांवाविषयीं. माती उपसणाऱ्या ह्या यंत्रास ग्रांथिक मराठींत उत्खनक म्हणतात. पण तो शब्द उच्चारल्यास वाशिष्ठीच्या कांठीं एकहि माणूस मान वळवून पाहणार नाहीं. तेथें त्याचें नांव पोकलेन. हें मूळ एका फ्रेंच कारखान्याचें नांव. जॉर्ज बाताय ह्या गृहस्थांनीं १९२७ सालीं तो काढला. १९५१ सालीं त्या कारखान्यानें तेलाच्या दाबावर चालणारें आपलें पहिलें खोदयंत्र बाहेर आणलें, आणि १९६१ च्या टीवाय-४५ ह्या यंत्रानें त्याचा लौकिक दूरवर पसरला. आपल्याकडे लार्सन अँड टूब्रो ही कंपनी त्यांच्या सहकार्यानें हीं यंत्रें करूं लागली; आणि वनस्पति तूप कोणाचेंहि असो त्याला जसें डालडा म्हणत, तसें खोदयंत्र कोणत्याहि कारखान्याचें असो, महाराष्ट्रांत तें पोकलेनच झालें. जेसीबी निराळी. तिला पुढें फावडें व मागें लहानसा हात असतो. पोकलेन साखळीच्या पट्ट्यांवर उभें राहून स्वतःभोंवतीं पुरती गिरकी घेतें आणि त्याला हात एकच, पण तो पुऱ्या ताकदीचा.

त्या हाताची रचना माणसाच्या हातासारखीच आहे. खांद्यापासून निघतो तो बूम. कोपरापासून पुढें आर्म. आणि मनगटाच्या ठिकाणीं बकेट, म्हणजे दांत असलेला पंजा. खांदा, कोपर, मनगट आणि त्यांस हलविणाऱ्या सिलिंडरांचीं टोकें धरून असे डझनभर तरी सांधे होतात. प्रत्येक सांध्यांत एक जाड पोलादी दांडा आडवा बसविलेला असतो, ती पिन. वीस टनी यंत्राच्या मनगटांतली पिन सुमारें ८० मिलिमीटर जाड असते. ती ज्या भोंकांतून जाते त्यांत कठीण पोलादाची एक नळी घट्ट ठोंसलेली असते, तो बुश. पिन फिरते ती बुशांत. हाताच्या मूळ अंगाला तिचा स्पर्शहि होत नाहीं.

ह्या योजनेचें मर्म आमच्या भगिनीस आमच्याआधीं कळलें. ती म्हणाली, "म्हणजे जात्याची माकडीच कीं!" वरच्या तळीच्या तोंडांत लांकडाची माकडी बसवितात व ती खुंट्यावर फिरते. माकडी झिजली कीं सुतार चार पैशांत दुसरी करून देतो. तळी पिढ्यान् पिढ्या टिकते. बुशाचें कामहि झिजण्याचेंच. त्यानें झिजावें म्हणजे हात वांचतो. परंतु माकडी गेली असतां तशीच दळत बसणाऱ्या बाईची तळी जी खराब होईल, तीच गत बुश संपल्यावरहि यंत्र रेटणाऱ्या मालकाची होते. झीज बुशांत आहे तोंवर खर्च बुशाचा. ती बुश ओलांडून भोंवतालच्या अंगांत शिरली कीं खर्च कितीतरी पट होतो. आमच्या भाच्याचें यंत्र नेमकें ह्या सीमेवर, किंबहुना थोडें पलीकडे, उभें होतें.

त्याची हकीकत अशी. २२ जुलै २०२१ च्या महापुरानें चिपळूण बुडालें. त्यानंतर नदींतला गाळ उपसण्याचें काम निघालें व यंत्रांस मागणी आली. भाच्यानें यंत्रविद्येची पदविका घेतलेली. घराण्यांत शिक्षक, वकील व कारकून ह्यांपलीकडे कोणी गेलेलें नाहीं. वडील वारलेले. त्यानें बँकेचें कर्ज काढलें, कमी पडलें तेथें आईच्या पाटल्या तारण ठेवल्या, आणि घाटावरच्या एका ठेकेदाराकडून सेकंडहॅंड यंत्र आणलें. रंग ताजा, इंजिन उत्तम, तेल कोठें गळत नाहीं. पदविका असूनहि त्यानें सांधे तपासले नाहींत. आम्हांपुढें हें त्यानें मोकळेपणीं कबूल केलें, ह्याचें आम्हांस कौतुक वाटलें.

तपासणें तर फारसें अवघड नाहीं. बकेट जमिनीपासून वीतभर उचलून धरावी आणि हात डावीकडे-उजवीकडे झटक्यानें हलवून थांबवावा. सांधे सैल असतील तर यंत्र थांबल्यावरहि बकेट खुळखुळत राहते. मग बकेट जमिनीवर टेंकवून बूम हळूच खालीं दाबावा व उचलावा, आणि लांब उभें राहून सांध्याकडे पाहावें. बाहेरचें अंग आधीं हालतें व आंतली पिन क्षणभरानें मागाहून जाते, असें दिसलें कीं मधें पोकळी आहे हें निश्चित. नव्या यंत्रांत ही पोकळी मिलिमीटरचा कांहीं दशांश असते. एक मिलिमीटरच्या आसपास गेली कीं बदलण्याची वेळ आली असें धरतात. वाचक म्हणतील, मिलिमीटर तो काय! परंतु हिशोब पाहावा. खांद्याच्या दोन बुशांतलें अंतर ६०० मिलिमीटर आणि तेथपासून बकेटच्या दांतांपर्यंत नऊ मीटर धरले, तर खांद्याशीं असलेला एक मिलिमीटर टोकाशीं पंधरा मिलिमीटर होतो. त्यांत कोपराचा व मनगटाचा मिळवावा. मग ऑपरेटर कितीहि निष्णात असो, चराची कड त्याला सरळ राखतां येणार नाहीं. शिवाय प्रत्येक धक्क्याला पिन पोकळींत आपटते. घण बाहेरून घालावा, तसा तो आंतून बसतो.

ही झीज इतकी लौकर कां व्हावी, असें आम्हीं विचारलें. उत्तर कराडहून आलेल्या मिस्त्रींनीं दिलें, आणि तें आम्हांस फार पटलें. रहाटाचा कणा एकाच दिशेनें फिरत राहतो, त्यामुळें वंगण सर्वभर ओढलें जातें. पोकलेनची पिन पुरी फिरतच नाहीं. थोडी पुढें, थोडी मागें, एवढाच तिचा झोंका. आणि भार मात्र टनांचा, तोहि बहुधा एकाच बाजूस. तेवढी बाजू कोरडी पडते. तेथें वाशिष्ठीची बारीक रेती पाण्याबरोबर शिरली म्हणजे सांध्यांत सहाणच बसली!

मिस्त्री येण्याच्या आदल्या संध्याकाळीं एक दलाल घरीं येऊन गेला. गृहस्थ गोड बोलणारे. त्यांनीं ओसरीवर चहा घेतां घेतां तोड सुचविली ती अशी: दुरुस्तीच्या नादीं लागूं नये, पिना काढून बुशांत पातळ पत्र्याच्या पट्ट्या गुंडाळून बसवाव्या, जाड ग्रीस भरावें, रंगाचा एक हात द्यावा. महिनाभर कांहींहि खुळखुळणार नाहीं, आणि तेवढ्यांत गिऱ्हाईक आपण आणूं. भाचा गप्प राहिला. बँकेचा हप्ता तोंडावर होता. दुरुस्तीचा खर्च किती होईल हें माहीत नव्हतें. आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वीं जेवढे दिवस काम चालेल तेवढीच कमाई. आम्हांस देखील, खरें सांगावयाचें तर, क्षणभर दलालाचें म्हणणें व्यवहाराचें वाटलें. माजघरांतून आमच्या भगिनीनें विचारलें, "घेणाऱ्यानें आपल्या आईचें काय तारण ठेवलेलें असेल?" तिच्या स्वरांत राग नव्हता, खरोखरच माहिती विचारावी तसें तिनें विचारलें. दलालांनीं पेला खालीं ठेवला आणि थोड्या वेळानें ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशीं कुंभार्ली घाट उतरून मिस्त्री आले. बरोबर एक मदतनीस व छोट्या टेम्पोंत बोरिंगचें यंत्र. वय साठीच्या आसपास, बोलणें मोजकें. डाव्या हाताच्या तर्जनीचें शेवटचें पेर नव्हतें. त्यांनीं प्रथम कांहींच उघडलें नाहीं. प्रत्येक सांध्याला डायल गेज लावून, ऑपरेटरकडून हात वरखालीं करवून त्यांनीं पोकळी मोजली व खडूनें तेथेंच आंकडे लिहिले. मनगटाशीं चार मिलिमीटर. बकेटच्या दुव्याशीं अडीच. कोपराशीं दोन. खांद्याशीं अर्ध्याहून थोडें अधिक. भाचा म्हणाला, "सगळेच बदलून टाका, दादा." मिस्त्रींनीं मान हलविली. "खांदा राहूं द्या. तो अजून दोन वर्षें जाईल. त्याला उघडायचें म्हणजे बूम क्रेननें धरावा लागेल." जो कारागीर आपलें काम स्वतःहून कमी करतो त्याच्यावर भरंवसा ठेवण्यास हरकत नाहीं, असें आम्हीं मनांत म्हटलें.

बकेट सपाट जमिनीवर टेंकविली, हाताखालीं सागाचे ठोकळे रचले, इंजिन बंद करून नळ्यांतला तेलाचा दाब सोडविला, आणि मग पिनेचा अडसर-बोल्ट काढला. पिन निघेना. भाच्यानें मोठा घण उचलला तों मिस्त्री पहिल्यानेंच मोठ्यानें बोलले. पिनेचा पृष्ठभाग मुद्दाम कठीण केलेला असतो. त्यावर पोलादी घण थेट बसला तर कपची उडते, आणि ती गोळीसारखी जाते. त्यांनीं जॅक लावून दाब दिला, भोंवतालीं थोडी आंच दाखविली, व दोन तासांनीं ती पिन कुरकुरत बाहेर आली. तिच्याबरोबर पत्र्याचे फाटके तुकडेहि आले. आदल्या संध्याकाळची युक्ति आमच्या भाच्यावर कोणीं तरी आधींच करून ठेवली होती.

पिन आम्हीं हातांत घेऊन पाहिली, म्हणजे घेण्याचा प्रयत्न केला. वजन वीस किलोच्या आसपास. टोकांशीं ती गोल होती, पण मधें एका बाजूनें पाट्याला खळगा पडावा तशी खोल गेलेली. कडेचा कांगोरा नखाला लागत होता. बुश एका बाजूस कागदासारखा पातळ झाला होता. इतकेंच असतें तर काम दोन दिवसांत आटोपतें. परंतु बुश आपल्या घरांतच सैल होऊन फिरूं लागला होता. मिस्त्रींनीं भोंकाचें माप चहूं बाजूंनीं घेतलें. एका बाजूनें ९५ मिलिमीटर, दुसरीनें ९८. भोंक लंबगोल झालें होतें. अशा भोंकांत नवा बुश घालणें व्यर्थ. तो महिन्याभरांत पुन्हां सैल होणार.

जुने बुश काढण्याची त्यांची रीत पाहून आम्ही चकित झालों. मनगटाचा सैल बुश हातानेंच निघाला. कोपरांतले मात्र घट्ट होते. त्यांनीं ते कापले नाहींत, ठोकलेहि नाहींत. बुशाच्या आंतल्या अंगावर लांबीच्या दिशेनें वेल्डिंगच्या दोन-तीन रेघा ओढल्या व बिडी ओढीत बसले. वितळलेलें पोलाद थिजतांना आक्रसतें आणि बुशालाहि आंत ओढून घेतें. पाऊण तासानें दोन ठोके मारतांच बुश घरंगळत खालीं आला. वेल्डिंगपूर्वीं त्यांनीं बॅटरीच्या तारा सोडविल्या होत्या आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदीं लगत लावला होता. तो दूर लावला तर वीज मधल्या सांध्यांतून व बेअरिंगांतून जाते आणि तेथें बारीक डाग पाडते, असें मदतनिसानें आम्हांस समजाविलें.

लंबगोल भोंकावर इलाज एकच. भोंक आंतून वेल्डिंगनें भरून काढावें व पुन्हां कातून गोल करावें. परंतु आर्मच्या टोकाचें अंग रुंद. त्याच्या दोन्हीं कडांचीं भोंकें एकाच सरळ रेषेंत आलीं पाहिजेत. अंगाला लेथवर चढविणें शक्य नाहीं. म्हणून लेथच अंगाकडे येतो. दोन्हीं भोंकांतून एक लांब सरळ दांडा घालतात, त्याच्यावर एकच कातणी असते, आणि दांडा फिरत फिरत पुढें सरकत दोन्हीं भोंकें एकाच कण्यावर कातीत जातो. ह्याला लाइन बोरिंग म्हणतात. दांडा बसविण्यांतच मिस्त्रींचा अर्धा दिवस गेला. भोंकाच्या अगदीं कडेला जी अरुंद कड झिजायची राहिली होती, तिच्यावरून त्यांनीं मूळ मध्य शोधून काढला. वेल्डिंगच्या कांड्या त्यांनीं छोट्या भट्टींत तापवून कोरड्या केलेल्या वापरल्या. दमट कांडीनें भरलेलें अंग पुढें तडकण्याची भीति असते. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं भोंकें तयार झालीं. आंतून आरशासारखीं नव्हतीं; कातणीच्या बारीक रेघा दिसत होत्या. पण माप सर्व बाजूंनीं एक होतें.

आतां नवा बुश. तो भोंकापेक्षां केंसभर मोठा असतो, म्हणजे बसल्यावर घट्ट राहतो. तो बसवावयाचा तर त्याला आक्रसवावा व घराला फुलवावें. मोठ्या कारखान्यांत ह्यासाठीं उणें १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन वापरतात. आमच्या येथें तें काम भगिनीच्या फ्रीजनें केलें! दहा बुश प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून रात्रभर बर्फाच्या कप्प्यांत ठेवले. त्यांना जागा करण्यासाठीं साठविलेल्या आमरसाचे डबे शेजारणीकडे गेले. उणें अठरा अंशांवर ९५ मिलिमीटरचा बुश सुमारें अर्धा दशांश मिलिमीटर लहान होतो. सकाळीं ते थर्माकोलच्या पेटींतून नदीवर नेले. मिस्त्रींनीं भोंकाभोंवतीं आंच फिरवून अंग पुरेसें गरम केलें, ग्रीसची वाट भोंकाच्या छिद्रासमोर येईल असा बुश धरला, व जॅकनें तो एका दमांत आंत सारला. मधें थांबावयाचें नाहीं; थांबलें कीं दोघांचें तापमान एक होतें आणि बुश अर्ध्यावर अडकतो. दहांतला एक तसा अडकलाच, आणि तो पुन्हां काढण्यांत दुपार गेली.

पिना सर्व नव्या घातल्या. जुनी झिजलेली पिन नव्या बुशांत घातली तर ती बुशाला लौकरच आपल्यासारखा करते, म्हणून हा जोडा एकत्रच बदलावा. बाजूची पोकळी पातळ चकत्या घालून मिलिमीटरच्या आंत आणली, कडेला धूळ अडविणारीं नवीं सीलें बसविलीं. पिन घालतांना दोन्हीं अंगांचीं भोंकें जुळलीं कीं नाहींत हें पाहण्यासाठीं भाच्यानें नकळत हात पुढें केला. मिस्त्रींनीं तो मनगटाशीं धरून बाजूला केला व टॉर्च त्याच्या हातीं दिला. त्यांच्या तर्जनीविषयीं आम्हांस जो प्रश्न विचारावयाचा होता तो मग विचारण्याचें कारण उरलें नाहीं.

निघण्यापूर्वीं त्यांनीं ऑपरेटरला व भाच्याला शेजारीं उभें करून ग्रीस कसें द्यावें तें दाखविलें. आम्हांस वाटत होतें कीं, निपलला ग्रीस-गन लावली आणि दोन दट्टे मारले कीं झालें. तसें नाहीं. प्रथम निपल फडक्यानें पुसावा, नाहीं तर त्यावरची रेतीच आंत जाते. सांध्यावर भार नसेल अशा स्थितींत हात ठेवावा, म्हणजे ग्रीस पिनेच्या सर्व बाजूंस पोंचतें. आणि कडेनें जुनें, काळें, वाळूमिश्रित ग्रीस बाहेर येऊन त्यामागें स्वच्छ नवें दिसूं लागेपर्यंत दट्टे मारीत राहावें; कारण ग्रीस नुसतें वंगण नव्हे, घाण बाहेर ढकलणारा केरसुणीचा हातहि तेंच. मनगटाच्या सांध्यांना रोज, आणि पाण्यांत काम असेल तर काम संपल्यावर पुन्हां. भाच्याच्या यंत्राचे दोन निपल बुजलेले निघाले. म्हणजे पूर्वींच्या मालकानें पट्टी घातली हें खरें, परंतु गेलें दीड वर्ष त्या सांध्यांत ग्रीसचा थेंबहि जात नव्हता, ही गोष्ट मात्र घरच्या खात्यावर पडते. ऑपरेटर खालीं पाहत होता. भाचा म्हणाला, "मी कधीं बघितलंच नाहीं, मामा."

यंत्र पुन्हां सुरू झालें तेव्हां आम्ही कांठावर होतों. बकेट उचलून त्यानें हात झटक्यानें थांबविला. पूर्वीं जो खणखणाट होत असे तो झाला नाहीं. नुसता इंजिनाचा घरघराट राहिला. भगिनीला मुद्दाम बोलावून आणलें होतें. तिला फरक ऐकूं आला नाहीं. तिनें मिस्त्रींना आमरसाचा डबा दिला.

त्यानंतर आम्हीं कांहीं महिन्यांनीं भाच्यास पत्र टाकून विचारलें. त्याचें उत्तर असें कीं, ऑपरेटर साडेसातला येतो, पहिलीं वीस मिनिटें ग्रीसचीं, आणि त्या वेळीं आपण स्वतः तेथें असतों. खांद्याची पोकळी खडूनें लिहिलेल्या आंकड्याशीं दर महिन्यास ताडून पाहतों. अद्याप वाढलेली नाहीं. दुरुस्तीच्या खर्चामुळें दोन हप्ते मागें पडले होते, त्यांतला एक भरला. आईच्या पाटल्या सुटावयास अजून सात महिने आहेत.